केंद्राला नकार देणारा उपाध्यक्ष

४ मार्च १८५० रोजी वॉशिंग्टनच्या सेनेटमध्ये एक आजारी माणूस मित्रांच्या आधाराने आपल्या जागेवर येऊन बसला. क्षयाने तो पार खंगला होता. अंगाभोवती झगा गुंडाळलेला, गाल बसलेले. त्याने भाषण लिहून आणले होते, पण ते वाचण्याइतका दम छातीत उरला नव्हता. म्हणून व्हर्जिनियाचे सेनेटर जेम्स मेसन यांनी ते वाचून दाखवले आणि लिहिणारा आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकत बसून राहिला. उत्तर आणि दक्षिण यांच्यातला तोल गेला आहे, पळून आलेले गुलाम उत्तरेने इमानाने परत केले पाहिजेत, गुलामगिरीविरुद्धची चळवळ थांबली पाहिजे, नाहीतर दोन्ही भागांनी वेगळे व्हावे, असा त्या भाषणाचा मथितार्थ होता. सत्तावीस दिवसांनी, ३१ मार्चला, तो वारला.

त्याचे नाव जॉन कॅल्हून. अमेरिकेच्या इतिहासात त्याची ओळख एका वाक्यात सांगतात: केंद्राचा कायदा राज्याला मान्य नसेल तर राज्याने तो आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवावा, हा सिद्धांत मांडणारा माणूस. ओळख खरी आहे, पण अर्धीच. कारण हाच माणूस उमेदीच्या काळात केंद्र बळकट करण्यासाठी झटत होता. तो का बदलला आणि त्याच्याबरोबर, त्याच्या आधी व नंतर आणखी कोण कोण बदलले, हे पाहिले की संघराज्यातल्या राजकारणाचा एक जुना स्वभाव कळतो. अमेरिकेतल्या संघसरकाराला आपण इथे आपल्या सवयीने केंद्रच म्हणू.

कॅल्हूनचा जन्म १८ मार्च १७८२ चा, साउथ कॅरोलायना राज्याच्या आतल्या, रानटी म्हणाव्या अशा मुलखातला. वडील पॅट्रिक शेतकरी आणि स्थानिक पुढारी. नवी राज्यघटना मंजुरीला आली तेव्हा त्यांनी तिला विरोध केला होता. दूरच्या राजधानीतल्या सत्तेविषयीचा संशय पोराने घरीच ऐकला असणार. वडील लवकर गेले. पोरगा बुद्धीने तल्लख, म्हणून पुढे उत्तरेत येल कॉलेजात गेला. १८०४ मध्ये तिथून पदवी घेतली आणि नंतर कनेक्टिकटमधल्या लिचफिल्डच्या प्रसिद्ध विधिशाळेत कायदा शिकला.

या दोन्ही संस्था फेडरलिस्ट पक्षाच्या बालेकिल्ल्यात होत्या, आणि तो पक्ष त्या वेळी एका चमत्कारिक अवस्थेत होता. थोडे मागे जाऊ. १७९८ मध्ये केंद्रात फेडरलिस्टांचे राज्य होते. त्यांनी सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा कायदा केला. तेव्हा विरोधी पक्षाचे जेफर्सन आणि मॅडिसन यांनी नाव गुप्त ठेवून केंटकी व व्हर्जिनिया या राज्यांसाठी ठराव लिहून दिले. केंद्र मर्यादा ओलांडू लागले तर राज्यांनी आड यावे, असे ते ठराव सांगत होते. फेडरलिस्टांनी यावर काहूर उठवले, हे राष्ट्र मोडणे आहे म्हणाले. पण १८०१ मध्ये जेफर्सन अध्यक्ष झाला आणि पारडे फिरले. १८०७ च्या शेवटी त्याने परदेशांशी व्यापार बंद करणारा कायदा आणला. न्यू इंग्लंडची बंदरे ओस पडली. आता राज्यांच्या हक्कांची भाषा फेडरलिस्ट बोलू लागले आणि तस्करी रोखायला केंद्राची फौज वापरू लागला तो जेफर्सन. त्यांच्यातले काही जण तर १८०४ पासूनच वेगळे होण्याच्या गोष्टी करत होते.

कॅल्हून शिकत होता तो या वातावरणात. पण तेव्हा तरी त्याच्यावर परिणाम झाला तो उलटा. १८११ मध्ये तो अमेरिकन काँग्रेसमध्ये आला तो कट्टर राष्ट्रवादी म्हणून. ब्रिटनशी युद्ध करा म्हणणाऱ्या तरुण गटात तो आणि हेन्री क्ले हे दोघे पुढे होते. १८१२ मध्ये युद्ध सुरू झाले. न्यू इंग्लंडच्या काही राज्यांनी आपले शिबंदी सैनिक केंद्राच्या हाती द्यायला नकार दिला. १८१४ च्या डिसेंबरात त्यांच्या प्रतिनिधींनी हार्टफर्ड येथे बंद दाराआड परिषद भरवली. न्यू हॅम्पशायरचा तरुण खासदार डॅनिअल वेब्स्टर सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध बोलताना, राज्यांनी आपल्या नागरिकांना केंद्रापासून वाचवावे, इथपर्यंत गेला. वेब्स्टरचे हे रूप लक्षात ठेवण्याजोगे आहे, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

युद्ध संपले आणि कॅल्हूनने १८१६ मध्ये आपले मोठे काम केले. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याचे हे रूप फार जवळचे वाटते. केंद्राची पहिली बँक मुदत संपून १८११ मध्ये बंद झाली होती. राज्याराज्यांत बँकांचे पेव फुटले. १८१४ मध्ये त्यांतल्या बहुतेकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे बंद केले. एका शहरातली नोट दुसऱ्या शहरात बट्टा कापल्याशिवाय चालेना, आणि प्रत्येक ठिकाणी बट्टा वेगळा. सरकारला करसुद्धा सारख्या किमतीचा मिळेना. कॅल्हूनने काँग्रेसमध्ये नव्या बँकेचे विधेयक आणले. भांडवल ३ कोटी ५० लाख डॉलर, त्यात पाचवा हिस्सा केंद्राचा, मुदत २० वर्षे. विधेयक मंजूर झाले. त्याच वर्षी कारखान्यांना संरक्षण देणाऱ्या आयात जकातीला त्याने पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी बँकेकडून केंद्राला मिळणाऱ्या पैशांतून रस्ते आणि कालवे बांधायचे विधेयकही त्याने काँग्रेसकडून संमत करून घेतले. अध्यक्ष मॅडिसनने पद सोडता सोडता त्यावर नकाराधिकार वापरला, कारण घटनेने केंद्राला असा अधिकार दिलेला नाही, असे त्याचे मत होते. म्हणजे घटनेचा अर्थ ताणून केंद्राला काम देणारा कॅल्हून, आणि त्याला अडवणारा घटनेचा प्रमुख शिल्पकार.

यानंतर सात वर्षे तो युद्धमंत्री होता आणि १८२५ पासून उपाध्यक्ष.

दरम्यान साउथ कॅरोलायना बदलत होती. १८१९ च्या मंदीनंतर कापसाचे भाव कोसळले. जुन्या जमिनी झिजल्या, लोक पश्चिमेकडे निघून जाऊ लागले. मळेवाले कापूस परदेशी विकत आणि तयार माल बाहेरून घेत. जकात वाढली की त्यांचा खर्च वाढे आणि फायदा उत्तरेतल्या गिरणीवाल्यांचा होई. ही तक्रार खोटी नव्हती. पण या तक्रारीखाली दुसरी एक भीती होती आणि ती जकातीपेक्षा जुनी होती. १८३० च्या शिरगणतीत या राज्याच्या सुमारे ५,८१,००० लोकसंख्येत सुमारे ३,१५,००० गुलाम होते. १८२२ मध्ये चार्ल्स्टन शहरात डेन्मार्क व्हेसी या मुक्त कृष्णवर्णीय सुताराने उठावाचा कट केल्याच्या आरोपावरून ३५ जणांना फाशी दिले गेले. त्याच वर्षी राज्याने कायदा केला, की बंदरात आलेल्या जहाजावर कृष्णवर्णीय मुक्त खलाशी असतील तर जहाज निघेपर्यंत त्यांना तुरुंगात ठेवायचे. पुढच्या वर्षी केंद्राच्या न्यायाधीशाने हा कायदा घटनाबाह्य असल्याचे सांगितले. राज्याने ते कानाआड केले आणि अटका चालू ठेवल्या. केंद्राला न जुमानण्याचा पहिला धडा त्या राज्याने गिरवला तो जकातीवरून नव्हे, माणसांना कोंडण्यावरून.

१८२८ मध्ये जकात आणखी चढली. राज्यात कल्लोळ झाला. आणि उपाध्यक्षपदावर असताना कॅल्हूनने निनावी एक लांबलचक निबंध लिहून आपल्या राज्याच्या विधिमंडळाला दिला. मांडणी मोठी तर्कशुद्ध होती. राज्यघटना हा राज्याराज्यांमधला करार आहे. करार मोडला की नाही हे ठरवण्याचा हक्क करार करणाऱ्यालाच हवा, केंद्राच्या न्यायालयाला नाही. म्हणून राज्याने खास परिषद बोलवावी आणि केंद्राचा कायदा आपल्या हद्दीत निरर्थक ठरवावा. तीन चतुर्थांश राज्यांनी घटनादुरुस्ती करून केंद्राला तो अधिकार दिला, तरच तो पुन्हा लागू व्हावा. निव्वळ डोकी मोजून राज्य चालवले तर बहुसंख्य अल्पसंख्यांना लुटतील, ही त्यामागची चिंता. ती आजही कोणत्याही लोकशाहीत विचार करायला लावते. म्हणूनच या निबंधाला नुसते ढोंग म्हणून बाजूला सारता येत नाही.

१८३० च्या जानेवारीत सेनेटमध्ये या सिद्धांतावर गाजलेला वाद झाला. अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष म्हणून स्वतः कॅल्हून होता. सिद्धांतावर तुटून पडणारा आणि अखंड राष्ट्राचा जयघोष करणारा वक्ता होता डॅनिअल वेब्स्टर. आता तो गिरण्यांच्या मॅसॅच्युसेट्सचा सेनेटर होता. पंधरा-सोळा वर्षांत दोघांनी एकमेकांच्या जागा घेतल्या होत्या. वृद्ध मॅडिसन अजून हयात होता. १७९८ च्या आपल्या ठरावाचा असा अर्थ नव्हता, असे त्याने जाहीरपणे लिहून टाकले. त्याच एप्रिलात जेफर्सनच्या जयंतीच्या मेजवानीत अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने पेला उंचावून संघराज्य टिकलेच पाहिजे असे बजावले. कॅल्हूनने आपल्या पाळीला, संघराज्य प्रिय खरे, पण स्वातंत्र्याच्या खालोखाल, असे उत्तर दिले. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांचे फाटले ते कायमचे.

१८३१ च्या २६ जुलैला कॅल्हूनने आपल्या फोर्ट हिल या मळ्यावरून स्वतःच्या नावाने आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. बळजोरीपुढे दुर्बळ बाजूला ढाल हवी, हा त्याचा गाभा. त्याच उन्हाळ्यात त्याच मळ्यावरून ॲलेक नावाचा घरातला एक गुलाम पळून गेला. चुकीबद्दल मार बसणार, या भीतीने तो गेला होता. तो सापडल्याचे कळल्यावर सप्टेंबरच्या सुरुवातीला कॅल्हूनने नात्यातल्या एका माणसाला पत्र लिहून कळवले, की याला आठवडाभर तुरुंगात ठेवावे, पाव आणि पाण्यावर ठेवावे आणि शेवटी कोणाकडून तरी ३० फटके नीट मारवून घ्यावेत. पत्रात राग नाही. व्यवहाराची पत्रे आपण लिहितो तसे ते आहे. मी ते प्रथम वाचले तेव्हा मला त्या जाहीर निबंधाची तारीख पुन्हा पाहावी लागली. दोन्हींमध्ये सहा आठवडेही नाहीत. ज्या अल्पसंख्यांसाठी ढाल घडवली जात होती त्यात ॲलेक धरलेलाच नव्हता. किंबहुना आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक असलेली ही माणसे कोणत्याच हिशेबात न धरता, त्यांच्या मालकांना अल्पसंख्य ठरवून तो सिद्धांत उभा होता.

२४ नोव्हेंबर १८३२ रोजी साउथ कॅरोलायनाच्या परिषदेने जकातीचे कायदे रद्दबातल ठरवले. १ फेब्रुवारी १८३३ पासून चार्ल्स्टनमध्ये केंद्राने जकात वसूल करायची नाही, बळ वापरले तर राज्य वेगळे होईल. १० डिसेंबरला जॅक्सनने जाहीरनामा काढला, की हे राष्ट्रद्रोहाकडे नेणारे पाऊल आहे. २८ डिसेंबरला कॅल्हूनने उपाध्यक्षपद सोडले, आपल्या राज्याचा सेनेटर म्हणून तो लढायला उभा राहिला. असे पद सोडणारा तो पहिलाच. अखेर क्ले आणि कॅल्हून या जुन्या जोडीदारांनी मध्यममार्ग काढला. २ मार्च १८३३ रोजी एकाच दिवशी दोन कायद्यांवर सही झाली: एक जकात टप्प्याटप्प्याने उतरवणारा, दुसरा वसुलीसाठी लष्कर वापरण्याचा अधिकार अध्यक्षाला देणारा. राज्याने आपला ठराव मागे घेतला, आणि अब्रू राखण्यासाठी तो लष्करी कायदा तेवढा रद्दबातल ठरवला. दोन्ही बाजूंनी विजयाचे नगारे वाजवले.

जॅक्सन मात्र यात तत्त्वाचा पुतळा ठरत नाही. त्याच १८३२ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की चेरोकी आदिवासींच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत. जॉर्जियाने तो निकाल धुडकावला आणि जॅक्सनने बोटही उचलले नाही, कारण चेरोकींना हलवणे त्यालाही हवे होते. १८३८ मध्ये त्यांना हाकलून पश्चिमेला नेले, वाटेत हजारो मेले. एका राज्याची अवज्ञा राष्ट्रद्रोह आणि शेजारच्या राज्याची अवज्ञा सोयीची, हे एकाच अध्यक्षाच्या एकाच वर्षात घडले.

पुढची सतरा वर्षे कॅल्हून एकाच गोष्टीसाठी जगला. १८३५ मध्ये चार्ल्स्टनच्या जमावाने गुलामगिरीविरोधी पत्रके टपालातून काढून जाळली. कॅल्हूनने विधेयक आणले, की ज्या राज्यात असा मजकूर निषिद्ध आहे तिथे केंद्राच्या पोस्टमास्तरने तो वाटू नये. १८३७ मध्ये सेनेटमध्ये त्याने गुलामगिरी ही नाइलाजाची वाईट गोष्ट नसून हितकारक व्यवस्था आहे असे ठासून सांगितले. अशी भाषा त्याच्या आधीच्या पिढीतले बहुतेक गुलामांचे मालकही करत नसत. १८४४ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून त्याने ब्रिटिश वकिलाला लिहिलेल्या पत्रात हेच समर्थन केले आणि टेक्सास सामील करून घेण्याच्या कामी केंद्राची सगळी ताकद लावली.

आता पुन्हा त्या १८५० च्या मार्चकडे येऊ. भाषण वाचून दाखवणारे मेसन हेच नव्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याचे जनक. तीन दिवसांनी, ७ मार्चला, वेब्स्टरने संघराज्य टिकावे म्हणून त्या कायद्याला पाठिंबा दिला आणि आपल्या उत्तरेतल्या चाहत्यांचा रोष ओढवून घेतला. १८ सप्टेंबरला कायदा झाला. कॅल्हून तेव्हा हयात नव्हता, पण त्याच्या अनुयायांनी मागितले ते हेच होते. त्यात राज्यांच्या हक्काचा मागमूस नव्हता. केंद्राचा अधिकारी कोणत्याही राज्यात जाऊन माणूस पकडणार, रस्त्यावरच्या नागरिकालाही मदतीला जुंपणार. पकडलेल्याला ज्यूरी नाही, साक्ष द्यायची मुभा नाही. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर, सोडला तर ५ डॉलर. जमाखर्चाच्या वह्या पाहिलेल्या माणसाला यापलीकडे काही सांगावे लागत नाही.

मग नकार देण्याची पाळी उत्तरेची आली. १८५४ च्या मार्चमध्ये विस्कॉन्सिनच्या मिलवॉकी शहरात जोशुआ ग्लोव्हर या पळून आलेल्या गुलामाला पकडून तुरुंगात टाकले. जमावाने दार फोडून त्याला सोडवले. तो कॅनडात पोचला. जमाव गोळा करणारा संपादक शर्मन बूथ याच्यावर केंद्राने खटला भरला, तेव्हा विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो केंद्रीय कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने राज्याला झापले. त्यावर विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने, जिथे आता नव्या रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते, १७९८ च्या केंटकीच्या ठरावाच्या धाटणीचा ठराव केला. कॅल्हूनच्या भात्यातला बाण गुलामगिरीच्या विरोधकांनी उचलला. आणि केंद्राची आज्ञा पाळलीच पाहिजे, असे दक्षिणेतले लोक सांगू लागले. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडली. चार दिवसांनी तिने कारणांचा खलिता काढला. त्यातली मोठी तक्रार अशी, की उत्तरेतली राज्ये केंद्राचा कायदा पाळत नाहीत.

यानंतर युद्ध झाले. कॅल्हूनला चार्ल्स्टनच्या सेंट फिलिप्स चर्चच्या आवारात पुरले होते. उत्तरेचे सैनिक विटंबना करतील या धास्तीने चाहत्यांनी त्याचे अवशेष हलवून खुणेविना दुसरीकडे पुरले. १८ फेब्रुवारी १८६५ रोजी शहर पडले. आत शिरणाऱ्या पहिल्या केंद्रीय पलटणींमध्ये कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण होती आणि तिच्यातले कित्येक जण याच राज्यातले, कालपरवापर्यंत गुलाम असलेले. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. संघराज्य मोठे की राज्य, हा वाद जोतीरावांनी तिथे घातला नाही. माणूस सुटला की नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

त्या वादाला अंत नाही. १९५७ मध्ये आर्कान्सासच्या गव्हर्नराने नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाऊ दिले नाही, तेव्हा अध्यक्ष आयझेनहॉवरने सैन्य पाठवले आणि दक्षिणेत पुन्हा कॅल्हूनची भाषा ऐकू आली. १९९७ मध्ये बंदूक खरेदीदारांची तपासणी करायला केंद्र स्थानिक शेरीफांना जुंपू शकत नाही, असा निकाल लागला. उजव्यांनी त्याचे स्वागत केले. २०१७ पासून स्थलांतरितांना हाकलण्यात मदत करणार नाही म्हणणारी डेमोक्रॅटिक शहरे त्याच निकालाचा आधार घेऊ लागली. २०२१ मध्ये रिपब्लिकन मिसुरीने केंद्राचे बंदुकांविषयीचे काही कायदे आपल्यापुरते अवैध ठरवले, ते केंद्रीय न्यायालयांनी चालू दिले नाही. २०१७ मध्ये येलने आपल्या एका वसतिगृह-महाविद्यालयाला दिलेले कॅल्हूनचे नाव काढले आणि जून २०२० मध्ये चार्ल्स्टनच्या चौकातला त्याचा उंच खांबावरचा पुतळा उतरवण्यात आला.

पुतळा उतरवला म्हणून प्रश्न उतरत नाही. केंद्राला नकार देणे हे तत्त्व म्हणून चांगलेही नाही आणि वाईटही नाही. ग्लोव्हर वाचला तो केंद्राला नकार देणाऱ्यांमुळे, आणि साउथ कॅरोलायनाचे गुलाम सुटले ते केंद्राच्या सैन्यामुळे. कॅल्हूनची बुद्धी मोठी होती, चारित्र्यही खाजगी अर्थाने स्वच्छ होते, आणि बहुमताच्या जुलमाची भीती तो प्रामाणिकपणे बाळगत होता. त्याची चूक तर्कात सापडत नाही, ती त्याच्या घराच्या अंगणात सापडते. तेव्हा कोणताही पक्ष राज्यांचे हक्क किंवा राष्ट्राची अखंडता यांच्या नावाने उभा राहिला, तर त्याचा सिद्धांत जरूर ऐकावा. पण त्याच आठवड्यात त्याने घरून आणखी कोणते पत्र लिहिले आहे, तेही मागून घ्यावे.